नागपुरात प्लॉटवर देशी गवताचा माळ करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

बेसावाली

नमस्कार मंडळी,

आम्ही बेसा रोडला, आतल्या एका ले-आउटमध्ये राहतो. घराला लागून साधारण बाराशे चौरस फुटांचा प्लॉट आमचाच आहे. त्यावर बांधकाम करायचं नाही हे घरात नक्की झालंय. माती काळी, अस्सल. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात अन् पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. सध्या त्यावर गाजर गवत, तरोटा, मधेमधे हरळी, आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात रायमुनियाचं (घाणेरीचं) भलंमोठं झुडूप आहे.

जो येतो तो म्हणतो लॉन लावून टाका. पण आमची बोअर एप्रिलमध्येच आटते. पंचेचाळीस डिग्रीत टँकरच्या पाण्यावर लॉन जगवायचं हे मला पटत नाही.

माझी मावसबहीण अमेरिकेत, इलिनॉयला असते. तिने घरासमोरचं लॉन काढून तिथल्या मूळच्या गवतांची अन् रानफुलांची बाग केली आहे. प्रेअरी गार्डन म्हणतात तिला. एकदा रुजली की पाणी नको, खत नको, असं ती सांगते. तिचे फोटो पाहिल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आपल्याकडेही असं गवत होतंच ना? उमरेडकडे मामाच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्या डोक्याच्या वर जाणारं गवत असायचं. त्याचं नाव मात्र कधी कोणी सांगितलं नाही.

तर मला विचारायचंय की आपल्या मातीत कोणतं गवत लावावं आणि त्याचं बी कुठून आणावं? 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' म्हणून पाकिटं ऑनलाइन मिळतात, ती चालतील का? तणनाशक न मारता आधीचं गाजर गवत कसं घालवायचं? सासूबाईंना साप अन् डेंग्यू या दोन्हींची धास्ती आहे, त्यांना काय सांगू? आणि एकदा उगवलं की पुढे दरवर्षी काय करावं लागतं?

टेकडीवाला

ताई, एवढी जागा आहे तर मियावाकी करा. दाट झाडी होते, सावली मिळते, तापमान कमी होतं. गवताचं काय, ते तर आपोआप उगवतंच.

धुरकरी

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. झाडं लावणारे पुष्कळ भेटतात, गवत लावू का असं विचारणारं माणूस विरळा. मी हिंगण्याकडे राहतो, शेती कळमेश्वरच्या बाजूला आहे. घरामागच्या तुकड्यावर बरीच वर्षं देशी गवत राखून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेकडीवाले भाऊ, झाडांना माझा विरोध नाही. पण मियावाकीला सुरुवातीची दोन-तीन वर्षं नेमाने पाणी द्यावं लागतं, आणि ताईंची बोअर एप्रिलमध्ये आटते. दुसरं म्हणजे आपोआप उगवतं ते गाजर गवत. मारवेल, शेडा, पवन्या ही देशी गवतं आता आपोआप येत नाहीत, कारण ज्या धुऱ्यांवरून त्यांचं बी उडत यायचं ते धुरेच राहिले नाहीत. लोक धुऱ्यावर तणनाशक मारतात. दोन पावसाळे मारलं की मारवेल संपतो अन् त्या जागी गाजर गवत, रानतुळस उभी राहते. तणनाशकानं तण वाढवलं, हे मी आमच्याच शिवारात बघतोय अन् जीव तुटतो. म्हणून शहरातल्या एखाद्या प्लॉटवर कोणी हे गवत राखत असेल तर मला त्याचं मोल मोठं वाटतं.

पाकिटाबद्दल आधी सांगतो. घेऊ नका. त्यात बहुतेक कॉसमॉस, झिनिया, गलांडा अशी फुलं असतात आणि ती सगळी मूळची अमेरिका खंडातली. गलांडा तर अमेरिकेतल्याच माळांवरचं फूल आहे. दसऱ्याच्या तोरणात आपण तो ओवतो, शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळतात, ते चांगलंच आहे. पण त्याचा माळ होत नाही. एक हंगाम रंग दिसेल, पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट फोडावं लागेल. तसंच कासच्या पठारावरच्या फुलांच्या मागे लागू नका. तिथला पाऊस अन् तिथला जांभा दगड आपल्याकडे नाही. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, आणि पुढचे आठ महिने कोरडे. ते आठ महिने जे काढू शकतं तेच आपलं.

मध्य भारतापासून दख्खनपर्यंतच्या गवताळ पट्ट्याला गवताचे अभ्यासक 'सेहिमा-डायकँथियम' म्हणतात. सेहिमा म्हणजे आपला शेडा अन् पवन्या, डायकँथियम म्हणजे मारवेल. तेव्हा मुख्य गवत कोणतं हा प्रश्न निसर्गानेच सोडवून ठेवलाय. तुमच्या काळ्या मातीत मारवेल राजासारखा वाढेल. शेडा, डोंगरी, कुसळी यांना मात्र निचरा लागतो, पाय ओले राहिले की ती रुसतात. त्यासाठी प्लॉटच्या एका कडेला ट्रॉलीभर मुरूम टाकून गुडघ्याएवढा उंचवटा करून घ्या. काळ्यात मारवेल, मुरमावर शेडा, डोंगरी अन् कुसळी, आणि मागच्या भिंतीशी तिखाडीचे चार-पाच ठोंब. तिखाडी माणसाच्या उंचीची होते, पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो, रोशा तेल तिचंच. जिथे छताचं पाणी पडतं तिथे वाळा लावा, त्याला ओल आवडते. कुंदा मात्र कोणी फुकट दिला तरी आणू नका. तोही देशीच आहे, पण काळ्या मातीत एकदा शिरला की सब्बलीनेही निघत नाही.

बी विकत शोधत बसू नका, आपल्याच भागातून गोळा करा. आणि त्याची वेळ आत्ताच आहे. दसरा झाला, आता डिसेंबरपर्यंत एकेक गवत पिकत जाईल. जुनी पांदण, तणनाशक न मारलेला धुरा, तलावाची पाळ अशा जागा बघा, मालकाला विचारा. जंगल खात्याच्या जमिनीतून काही उचलू नका. मारवेल ओळखायचा असेल तर काडीचं पेरं बघा. पेऱ्याभोवती पांढऱ्या लवेचं बारीक कडं असतं, डोळ्यांजवळ धरलं की स्पष्ट दिसतं. वर बोटांसारखे जांभळट तुरे. तुरा चिमटीत धरून हलकेच वर ओढायचा. बी पिकलं असेल तर विनासायास हातात येतं, अडलं तर सोडून द्यायचं, आठवड्याने परत जायचं. एका जागचं सगळं ओरबाडायचं नाही, अर्ध्याहून जास्त तिथेच राहू द्यायचं.

कुसळीचं बी गोळा करताना एक गंमत नक्की बघा. तिच्या दाण्याला बोटभर लांब, पीळ पडलेलं, गडद रंगाचं कुसळ असतं. एक कुसळ तळहातावर ठेवा अन् त्यावर पाण्याचा थेंब टाका. क्षणभर काही होत नाही, मग ते कुसळ आपसूक वळायला लागतं, पीळ उलगडतो, वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. वाळलं की पुन्हा पीळ घालतं. ओल आली की फिरायचं, वाळलं की फिरायचं, अशा रीतीने टोकदार दाणा मातीत स्वतःला रुतवत नेतो. मी कितीदा तरी पाहिलंय, तरी दर वेळी हातातलं काम थांबतं. घरात लेकरं असतील तर त्यांना जरूर दाखवा.

बी सावलीत वाळवा अन् कापडी पिशवीत भरून टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. आणि ते लगेच पेरू नका. या गवतांचं ताजं बी झोपलेलं असतं, काही महिने कोरड्यात निजून मगच उगवायला तयार होतं. आत्ता जमवलेलं बी येत्या पावसाळ्यात टाकायचं. तुमच्या बाराशे फुटांना काडीकचऱ्यासकट किलोभर बी असलं तरी माझ्या मते पुरे. कमी पडलं तर मारवेलचे मुळासकट ठोंब हातभर अंतरावर लावा, तो ठोंबांनी फार लवकर धरतो. चाऱ्यासाठी निवडलेले मारवेलचे वाणही मिळतात, पण ते दूध देणाऱ्या जनावरांसाठी भरघोस वाढणारे आहेत. तुमच्या माळात ते बाकी कोणाला उभं राहू देणार नाहीत.

आता तण. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, एकेक झाड हजारो दाणे टाकतं. हातमोजे अन् तोंडाला रुमाल हवाच, त्याची अॅलर्जी वाईट असते. रायमुनिया वरून तोडली तर दुप्पट जोमाने फुटते, सब्बलीने बुंध्याखालचं मूळ उचकटून काढा. पण प्लॉट नांगरू नका. खोल नांगरलं की खाली गाडलेलं वर्षानुवर्षांचं तणाचं बी वर येतं.

खरं काम एप्रिलमध्ये आहे. जमीन सारखी करायची, एकदा चांगली भिजवायची अन् त्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक पसरून कडा मातीने गच्च दाबायच्या. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच. खालची ओली माती इतकी तापते की वरच्या थरातलं बरंचसं तणाचं बी मरतं. पाच-सहा आठवडे राहू द्या, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याखालून गेला पाहिजे. नागपूरच्या उन्हाला आपण नावं ठेवतो, पण हे काम ते तणनाशकापेक्षा चांगलं करतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र याने मरत नाहीत, त्या खुरप्याने खणून वेचाव्या लागतात, अन् ते चिकाटीचं काम आहे. मुरमाचा उंचवटाही यानंतर करा, म्हणजे त्याखाली तण गाडलं जाणार नाही.

मृगाच्या पहिल्या सरीला पेरायची घाई करू नका. प्लॅस्टिक काढल्यावर पहिल्या पावसाने जे तण उगवेल ते उगवू द्या, मग खुरप्याने नुसतं वरवर खरडून काढा. आर्द्रात पाऊस बसला की पेरा. बी बारीक माती अन् जुन्या शेणखताच्या मुठीत कालवून दोन्ही दिशांनी फेका, वरून फळी फिरवा किंवा पायाने दाबा. नखापेक्षा खोल गाडलं तर उगवत नाही. काळी माती वरून कडक होते, म्हणून तणसाचा अगदी विरळ थर पसरा, माती दिसली पाहिजे एवढाच.

आणि पहिल्या वर्षी धीर धरा. ऑगस्टमध्ये प्लॉट बघून सगळे म्हणतील, हे काय केलंय. गवताची रोपं वितभर असतील, कारण त्यांचं सगळं बळ मुळं खाली सोडण्यात चाललेलं असतं. तण मात्र छातीपर्यंत येईल. तेव्हा दर तीन-चार आठवड्यांनी सगळा प्लॉट वितीच्या उंचीवर विळ्याने कापायचा. आपलं गवत त्याच्या खाली असतं, त्याला धक्का लागत नाही. तणाला फुलायलाच मिळत नाही आणि आपल्या रोपांना ऊन मिळतं. या पहिल्या पावसाळ्यातल्या कापण्या ज्याने केल्या त्याचा माळ झाला. बी कालवायला घेतलेली शेणखताची मूठ सोडली तर युरिया, सेंद्रिय खत, काहीच देऊ नका. खत घातलं की ते तणच खातं.

बेसावाली

दादा, किती मनापासून लिहिलंत! मुरमाचा उंचवटा तर मला कधी सुचलाच नसता. फुलांचं काय करू तेवढं सांगा. नुसतं गवतच असेल तर घरचे लॉनवाल्यांची बाजू घेतील. आणि सापांचं?

माळटिटवी

फुलांचं अन् सापांचं मी सांगते. मी पक्षी-फुलपाखरं बघणारी, अंबाझरीच्या बाजूला राहते.

फुलं गवतातच मिसळून पेरायची, वेगळे वाफे नकोत. कुरडू पहिल्याच वर्षी फुलेल, गुलाबी-पांढरे तुरे गणपतीपासून दिवाळीपर्यंत राहतात. ती थोडीच टाका, तिचं बी बारीक असतं अन् भरमसाट पडतं. उन्हाळी, म्हणजे शरपुंखा, जांभळी फुलं देते आणि शेंगावर्गातली असल्याने जमिनीला नत्रही देते. खुळखुळा जरूर लावा. पिवळी फुलं येतात, शेंग वाळली की आत दाणे वाजतात, आणि फुलं संपल्यावर वाळक्या झाडावर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर जातीची फुलपाखरं येऊन चिकटतात. त्यातले नर त्या वाळक्या काड्यांतला एक रस शोषतात, मादीला आकर्षित करणारा गंध त्यातून बनतो. जमिनीलगत विष्णुक्रांत आणि रतनपुरुष असू द्या. विष्णुक्रांताचं निळं फूल सकाळी उमलतं अन् दुपारी मिटतं. रतनपुरुषावर टॉनी कॉस्टर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. कळलावी सुंदर दिसते, पण तिचा कंद जहाल विषारी असतो. घरात लहान मुलं असतील तर कंपाउंडच्या पलीकडेच बरी.

तरोटा सगळा काढू नका ताई. एका कोपऱ्यात ठेवा. त्यावर पिवळी ग्रास यलो फुलपाखरं अंडी घालतात आणि जूनमध्ये कोवळ्या पानांची भाजीही होईल. रुईचं एखादं झाड असलं तर तेही असू द्या, प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात.

गवताला बी धरलं की मुनियांचे थवे येतील. ठिपकेवाल्या मुनिया काडीला लटकून तुरा चोचीने सोलतात, काडी वाकत वाकत पार जमिनीला टेकते, तरी त्या सोडत नाहीत. वटवट्या गवतातच घरटं करतो, म्हणून पावसाळ्यात कापण्याआधी गवत हाताने बाजूला करून बघत जा. घरटं दिसलं तर तेवढा भाग त्या वेळी सोडा.

सासूबाईंची भीती खोटी नाही, त्यांना हसण्यावारी नेऊ नका. परड, नाग, मण्यार आपल्याकडे आहेतच. पण साप येतो तो उंदीर अन् बेडकांच्या मागे, आणि लपतो विटांच्या ढिगात, लाकडांत, कचऱ्यात. प्लॉटवर असलं काही पडू देऊ नका. घराच्या अन् शेजारच्या भिंतीला लागून चार-पाच फुटांचा पट्टा कायम कापलेला ठेवा, मधून एक स्वच्छ पायवाट ठेवा, अंधारात टॉर्चशिवाय जाऊ नका, आणि कापताना गमबूट घाला, आधी काठी आपटा. शिवाय कापलेली कड असली की बघणाऱ्याला कळतं की ही बाग कोणीतरी निगुतीने राखली आहे. शेजाऱ्यांची निम्मी कुरकुर तिथेच थांबते. कुंपणाला गवतांच्या नावांची पाटीही लावा.

डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. दिवसा तो गवतात विसावेल, पण त्याची पैदास कूलरच्या टाकीत, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरात होते. नागपुरात घरोघरी कूलर आहेत. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासून कोरडी केली तर गवताची भीती राहणार नाही. प्लॉटवर खड्डे मात्र राहू देऊ नका.

महालकर

मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या अमेरिकेत मॅडिसनला, विस्कॉन्सिनमध्ये. इथल्या प्रेअरीवर हौस म्हणून बी गोळा करायला जातो, त्यामुळे ताईंच्या बहिणीच्या बागेबद्दल थोडं सांगतो. धुरकरी भाऊंचं लिहिणं वाचून वाटलं की काम तेच आहे, ऋतू तेवढे वेगळे.

इथे विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्ष-वनस्पतींच्या उद्यानात, कर्टिस प्रेअरी आहे. १९३० च्या दशकात शेती सोडलेल्या जमिनीवर ती पुन्हा उभी करायला घेतली, निसर्गसंवर्धक ऑल्डो लिओपोल्ड यांचा त्या कामात मोठा वाटा होता. माणसाने परत आणलेली सगळ्यात जुनी प्रेअरी ती मानतात, आणि तिथलं तण काढायचं काम आजही चालूच आहे. उंच गवताच्या प्रेअरीतली ४ टक्क्यांहून कमी आता शिल्लक आहे. बाकी सगळी नांगराखाली गेली. १८३७ मध्ये जॉन डिअर यांनी इलिनॉयमध्येच पोलादी नांगर बनवला आणि ती चिकट काळी माती फुटायला लागली. मोठा तुकडा वाचला तो कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये, कारण खाली दगड, नांगर चालेना. आपल्याकडेही गवत उरलंय ते बरडावर अन् मुरमाड टेकड्यांवरच, नाही का?

फरक कुठे आहे ते सांगतो, कारण बहीण सांगेल तसं जसंच्या तसं केलं तर नागपुरात जमायचं नाही. इथल्या बऱ्याच बियांना ओल्या थंडीतून जावं लागतं, म्हणून लोक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अगदी बर्फावरसुद्धा बी फेकतात. ती सांगेल फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेव. आपल्या बियांना ते नको, त्यांना कोरडा उन्हाळा हवा. पहिल्या वर्षी कापत राहायचं, खत द्यायचं नाही, बी आपल्याच परिसरातलं घ्यायचं, हे मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखं. मुळांचंही तसंच. इथलं बिग ब्लूस्टेम गवत जमिनीत सहा ते दहा फूट खाली जातं, म्हणून त्याला पाणी घालावं लागत नाही.

आणखी एक, धुरकरी भाऊंना आवडेल म्हणून. तुमचा मारवेल टेक्सासात पोचलाय. चाऱ्यासाठी आणला होता, तिथे त्याला क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणतात, आणि तिथल्या मूळच्या प्रेअरीत तो इतका घुसलाय की लोक त्याला उपटण्यासाठी जिवाचं रान करतायत. इकडे गलांडा, तिकडे मारवेल.

बेसावाली

महालकर दादा, बहिणीने मला खरंच फ्रिजचं सांगितलं होतं! बरं झालं विचारलं. ती असंही म्हणते की दोन-तीन वर्षांनी प्रेअरी जाळावी लागते. आपल्याकडे हे करायचं का? आणि उन्हाळ्यात वाळलेलं उभं गवत घराशेजारी असणं धोक्याचं नाही का?

महालकर

इथे जाळतात ते परवाना काढून, शिकलेली माणसं, पाठीवर पाण्याचे पंप अन् चहूबाजूंनी मोकळा पट्टा ठेवून. त्यानं झुडपं मागे हटतात, वाळका थर जातो, माती लवकर तापते. घरगुती बागेत बरेच लोक न जाळता कापूनच भागवतात.

धुरकरी

जाळायचं अजिबात नाही ताई. वस्तीत, वाऱ्याच्या दिवसांत, धूर लोकांच्या घरात जाणार, अन् ठिणगी कुठे जाईल याचा नेम नाही. पुन्हा वाळक्या काड्यांत अंडी, कोष, कोळी सगळं असतं, ते जळून जातं. आपलं काम विळ्याने होतं.

दुसऱ्या वर्षापासून अशी रीत ठेवा. पावसाळ्यात पूर्ण कापणी बंद, फक्त हाताने निंदण: गाजर गवत, रायमुनियाची रोपं, रानतुळस, सुबाभूळ उगवली तर ती. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी माती मऊ असते, तेव्हा मुळासकट निघतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत फुलतं, शेड्याचा रंग तांबूस होतो, तेव्हा त्याला हात लावायचा नाही, बघायचं. बी झडलं की साधारण संक्रांतीच्या सुमाराला वितीएवढं बूड ठेवून कापायचं. पण सगळं एकदम नाही. प्लॉटचे तीन भाग करा, दोन कापा, तिसरा त्या वर्षी उभा ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा भाग राखा. भाग असे पाडा की दर वर्षी उभा ठेवलेला भाग घरापासून लांब राहील, आणि त्याच्याभोवती माळटिटवीताईंनी सांगितला तसा मोकळा पट्टा. होळीच्या आत घराजवळ एकही वाळकं उभं गवत नको, तुमची भीती बरोबर आहे.

कापलेलं गवत तिथेच कुजू देऊ नका, उचलून न्या. जमीन जितकी हलकी राहील तितकं तण कमी अन् फुलं जास्त. कोणा गवळ्याला सांगा, मारवेल-शेड्याचं वाळलं गवत तो आनंदाने नेईल. तिखाडी मात्र वेगळी काढा, जनावरं ती टाळतात.

एप्रिल-मेमध्ये माळ पिवळा-करडा होईल. त्याला पाणी घालू नका, घरच्या कोणी दया येऊन घातलं तर थांबवा. तो मेलेला नसतो, बुडातला कोंब जिवंत असतो. त्या दिवसांत पाणी दिलं की हरळी अन् लव्हाळाच सोकावतात. पहिल्या वर्षी पेरल्यानंतर पावसाने दोन आठवडे ओढ दिली तर मात्र संध्याकाळी शिंपडा, तेवढंच. वाळ्यालाही पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एखादी बादली द्या.

मारवेल जोर करेल, हे लक्षात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो उंचवट्याकडे सरकायला लागतो अन् फुलांच्या जागा भरून काढतो. तेव्हा जूनमध्ये इथले-तिथले ठोंब खणून काढा अन् त्या मोकळ्या जागी उन्हाळी, खुळखुळ्याचं बी टाका. काढलेले ठोंब फेकू नका, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या.

टेकडीवाला

धुरकरी भाऊ, वाचून विचार बदलला. आमच्या ले-आउटमधला मोकळा तुकडा झाडांसाठी ठरला होता, पण तिथे मुरूमच मुरूम आहे, खड्डे खोदून रोपं लावली तरी दर उन्हाळ्यात जातात. तिथे शेडा अन् डोंगरी होईल का?

धुरकरी

होईल, उत्तम होईल. मुरूम असेल तर तुमचं अर्धं काम झालं, तिथे तणही कमी असतं. जी एक-दोन झाडं जगली असतील ती राहू द्या, माळावर अधूनमधून झाड असतंच. बाकी जागा गवताला सोडा.

बेसावाली

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. पट्टा अन् पायवाट ऐकल्यावर त्या तयार झाल्या. तरोट्याचा कोपरा कुठे असावा हे त्यांनीच ठरवून टाकलं. गाजर गवत उपटायला रविवारपासून सुरुवात करतोय. एकच शेवटचं विचारते, पूर्ण प्लॉट एकदम करू की अर्धा?

धुरकरी

अर्धाच करा. निंदण अन् कापणी दोन माणसांना झेपेल एवढंच पहिल्या वर्षी पेरा. प्लॅस्टिक मात्र एप्रिलमध्ये दोन्ही अर्ध्यांवर टाकून घ्या. राहिलेल्या अर्ध्यात तीळ नाहीतर बरबटी (चवळी) लावा, जमीन झाकलेली राहील, गाजर गवताला जागा मिळणार नाही. पुढच्या वर्षी तुमच्याच माळाचं बी तिथे टाकाल.

दिवाळीनंतर आमच्याकडचा शेडा पिकतो. टेकडीवाले भाऊ, ताई, माळटिटवीताई, कोणी येणार असाल तर इथेच लिहा, एखादा रविवार ठरवू. कापडी पिशव्या आणा, प्रत्येक गवताची वेगळी, आणि बाहेर नाव लिहायला पेन. पूर्ण बाह्यांचा शर्ट अन् जाड पँट घाला, मोजे नकोत. कुसळं मोज्यात शिरली की निघता निघत नाहीत.